दसऱ्याच्या चार दिवस आधी

"आरं, नव्या घरात जायचं तर दसऱ्याला जायचं की. चार दिवस थांबायला काय झालतं त्यांना?"

२ ऑक्टोबर २०११. व्हँकुव्हरमध्ये माझी रविवारची रात्र, कोल्हापुरात आप्पांची सोमवारची सकाळ. घरी घट बसले होते. फोनमधून आईच्या आरतीची घंटा ऐकू येत होती आणि आप्पा मात्र देवघर सोडून माझ्याशी बोलायला बाहेरच्या खोलीत येऊन बसले होते. ते ज्या घराबद्दल बोलत होते ते आमचं नव्हतं. व्हँकुव्हर व्हाइटकॅप्स या फुटबॉल संघाचं होतं. हंगाम संपायला जेमतेम तीन आठवडे उरलेले, संघ पश्चिम विभागात तळाला, आणि अशा वेळी तो दुरुस्त होऊन उघडलेल्या बीसी प्लेस स्टेडियमवर राहायला गेला होता. पहिलाच सामना पोर्टलंडविरुद्ध, आणि तो ०-१ असा हरला होता.

"हरले का मग?"

"हरले."

"बघ. मी काय म्हणलो."

आप्पांना हे सगळं सांगावंच लागायचं. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल हा टीव्हीवर बघायचा खेळ नाही, तो पेठेचा खेळ आहे. ज्या तालमीत पहिलवान लाल मातीत घुमतात तीच तालीम फुटबॉलचा संघ उतरवते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं आमच्याकडे क्लबांची म्हणून कुणी उच्चारत नाही, घराण्यांची म्हणून उच्चारतात. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आप्पांच्या मांडीवर बसून मी पहिला सामना पाहिला तेव्हा मला ऑफसाइड कळत नव्हतं, पण ईर्षा कळली होती. हलगी-कैताळ कडाडायचं, आपल्या पेठेचा पोरगा चेंडू घेऊन सुटला की अख्खी पायरी उठायची आणि मी आप्पांच्या खांद्यावर जायचो. सामना संपला की तो दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर पुन्हा खेळला जायचा. त्यामुळे मी कॅनडाला आलो तेव्हा आप्पांनी पगार विचारायच्या आधी विचारलं होतं, "तिथं बॉल खेळत्यात का?"

खेळत होते. आणि मी आलो तेव्हा त्यांना घर नव्हतं.

आम्ही नवरा-बायको हेस्टिंग्ज पार्कच्या जवळ एका घराच्या तळघरात भाड्याने राहत होतो. खिडकी जमिनीच्या पातळीवर, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. १९ मार्च २०११ च्या शनिवारी त्या खिडकीतून पायच पाय दिसायला लागले. निळे-पांढरे मफलर हातात घेऊन सगळे एकाच दिशेने चाललेले. मी बायकोला म्हणालो, चल. मेजर लीग सॉकर या अमेरिका-कॅनडाच्या मोठ्या साखळी स्पर्धेतला व्हाइटकॅप्सचा तो पहिलाच सामना होता, टोरांटोविरुद्ध, आणि मैदान आमच्यापासून चालत वीस मिनिटांवर होतं.

त्या मैदानाचं नाव एम्पायर फील्ड. मैदान म्हणजे काय, लोखंडी सांगाड्यावर उभारलेल्या पायऱ्या. शहरातलं मोठं स्टेडियम दुरुस्तीला गेलं म्हणून २०१० मध्ये अवघ्या काही महिन्यांत ते उभं केलेलं होतं, काम झालं की मोडायचं या बोलीवर. सुमारे सत्तावीस हजार माणसं मावायची. आमच्या जागेवर छप्पर नव्हतं. एका अंगाला जत्रेतल्यासारखा लाकडी रोलर कोस्टर, त्यात बसलेल्यांच्या किंकाळ्या मध्येच मैदानात यायच्या. आणि ढग उठले की उत्तरेकडचे डोंगर समोर येऊन उभे राहायचे, माथ्यावर बर्फ घेऊन. रंकाळ्याच्या काठावर ढग सरल्यावर पन्हाळ्याकडची रांग दिसते तेव्हा जसं पोटात हलतं, तसं मला तिथे व्हायचं.

त्या दिवशी व्हाइटकॅप्स ४-२ असे जिंकले. फ्रान्सच्या एरिक हासलीने संघाचा पहिला गोल केला. मी ओरडलो ते मराठीत ओरडलो. शेजारी साठीच्या एक बाई उभ्या होत्या, उभ्याच, पूर्ण सामनाभर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसल्या आणि बुटांची टाच लोखंडी फळीवर दाणकन आपटली. मग मीही आपटली. मग आमची रांग, मग खालची रांग. काही क्षणांत सगळा सांगाडा घुमायला लागला, पायातून छातीपर्यंत. हलगीच ती. साडेबारा हजार किलोमीटरवर मला माझी हलगी सापडली होती.

त्या बाईंमुळे मला त्या जागेचा इतिहास कळला. एम्पायर फील्ड तात्पुरतं होतं, पण त्याखालची जमीन तात्पुरती नव्हती. तिथेच जुनं एम्पायर स्टेडियम होतं, १९५४ च्या ब्रिटिश साम्राज्य आणि राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेलं. ७ ऑगस्ट १९५४ ला तिथे रॉजर बॅनिस्टर आणि जॉन लँडी एकाच शर्यतीत धावले आणि दोघांनीही चार मिनिटांच्या आत एक मैल पूर्ण केला. असं एका शर्यतीत पूर्वी कधी घडलं नव्हतं. शेवटच्या वळणावर पुढे असलेल्या लँडीने डाव्या खांद्यावरून मागे वळून पाहिलं, आणि नेमका त्याच क्षणी बॅनिस्टर उजव्या बाजूने पुढे निघून गेला. त्या क्षणाचा ब्राँझचा पुतळा शहरात आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ थांबलो आहे. लँडीची मान बघवत नाही. त्याला फक्त खात्री करून घ्यायची होती.

याच जमिनीवर जुने व्हाइटकॅप्स १९७४ पासून खेळत होते. बाई तेव्हा नुकत्या नोकरीला लागलेल्या. १९७९ मध्ये संघाने टॅम्पा बेला २-१ हरवून उत्तर अमेरिकेची साखळी जिंकली, दोन्ही गोल ट्रेव्हर वायमार्कचे, तेव्हा परतलेल्या संघाच्या मिरवणुकीत त्या रस्त्यावर उभ्या होत्या. मग १९८३ मध्ये प्रांत सरकारने बांधलेलं बीसी प्लेस उघडलं आणि संघ तिकडे गेला. २० जून १९८३, सिएटलविरुद्ध, ६० हजारांहून जास्त प्रेक्षक. बाई त्यातही होत्या. पण दोन वर्षांच्या आतच ती साखळी बुडाली आणि तो संघही. "नवं घर मिळालं आणि दोन वर्षांत घरातली माणसंच गेली," असं काहीसं त्या म्हणाल्या होत्या. पुढे संघ पुन्हा जमला, छोट्या साखळ्यांमध्ये छोट्या मैदानावर खेळत राहिला, आणि २०११ ला मोठ्या साखळीत आला तो थेट या लोखंडी पायऱ्यांवर, जुन्या मातीवर.

म्हणून मला ते मैदान कधी भाड्याचं वाटलंच नाही.

वर्ष मात्र वाईट गेलं. त्या पहिल्या विजयानंतर दुसऱ्या विजयासाठी जून उजाडावा लागला. २ एप्रिलला कॅन्सस सिटीविरुद्ध आम्ही ०-३ ने मागे होतो, लोक उठून गेले होते, आणि कामिलो या ब्राझिलियन पोराने भरपाईच्या वेळेत दोन गोल करून सामना ३-३ वर आणला. गेलेल्यांना ते दिसलं नाही. बाई आणि मी होतो. त्या दिवशी सांगाडा इतका हलला की मला खरोखर भीती वाटली. पण असे दिवस मोजकेच. मे अखेरीस प्रशिक्षकाला काढलं. जूनमध्ये शहराचा आइस हॉकी संघ अंतिम फेरीचा सातवा सामना हरला आणि त्या रात्री शहराच्या मध्यभागी गाड्या जाळल्या, दुकानं फोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान्य माणसं झाडू घेऊन काचा गोळा करायला आली, तेही मी पाहिलं. उन्हाळाभर शहराचा चेहरा पडलेला होता. आणि या सगळ्यात, पाण्याकाठी, बीसी प्लेसवर नवं छत चढत होतं.

त्या छताबद्दल मी आप्पांना किती रविवार सांगत होतो! त्यांना मैदानाला छप्पर ही कल्पनाच पटत नसे. मी सांगायचो, पूर्वीचं छप्पर तर हवेवर उभं होतं. खांब नाही, तुळई नाही. मोठमोठे पंखे आत सतत हवा भरायचे आणि त्या दाबावर कापडाचं अख्खं छत तरंगत राहायचं. हवा निसटू नये म्हणून आत जायला फिरते दरवाजे. साधा दरवाजा उघडला तर आतली हवा माणसाला बाहेर ढकलायची. जानेवारी २००७ मध्ये एका दिवशी ते कापड फाटलं आणि छत खाली बसलं. ते दुरुस्त करून घेतलं, त्याच छताखाली फेब्रुवारी २०१० मध्ये हिवाळी ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा झाला, आणि त्या वसंतात ते कायमचं उतरवलं. नव्या रचनेत स्टेडियमच्या काठावर गोलाकार ३६ पोलादी खांब, त्यांना ताणलेले दोर, दोरांवर कापड, आणि मैदानाच्या वरचा मधला भाग हवं तेव्हा उघडता-मिटता येणारा. सगळ्या दुरुस्तीचा खर्च पन्नास कोटी डॉलरच्या वर.

"म्हंजे सर्कशीचा तंबू," आप्पा म्हणाले.

"तसंच."

"मग आवाज बाहेर जात नसंल. चांगलं हाय."

आप्पांना खेळातलं कळायचं ते असं, पटकन.

एम्पायर फील्डवरचा शेवटचा सामना २४ सप्टेंबरला झाला, सिएटलशी. हरलो. सामना संपल्यावर बाईंनी टाच एकदाच आपटली, हळू, आणि त्या जिना उतरून गेल्या. मी लोखंडी कठडा धरून थांबलो. स्वच्छता करणारी माणसं येईपर्यंत थांबलो. एक पोरगा खालून फळीचा निसटलेला नटबोल्ट उचलून खिशात घालत होता. मला त्याचा हेवा वाटला.

आठ दिवसांनी नवं घर.

खरं सांगतो, मला तिथे जायचं नव्हतं. मनात एकच होतं: आता का? पुढच्या हंगामात जा ना, नव्याने, पाटी कोरी करून. हरलेल्या वर्षाचा चिखल पायाला तसाच आहे, अजून तीन आठवडे त्याच पायांनी नव्या फरशीवर कशाला यायचं? घर बदलताना आपल्याकडे नवा झाडू आधी आत नेतात, जुना नेत नाहीत. यांनी सगळं जुनं, सगळ्या हारी, पोत्यात भरून आत आणल्या होत्या.

आत शिरलो आणि आधी वास आला. नवीन रबर, नवीन रंग, नवीन प्लास्टिक. खुर्च्या मऊ. मैदानाच्या बरोबर वर चार बाजूंचा प्रचंड पडदा टांगलेला, त्यावर खेळाडू प्रत्यक्षापेक्षा मोठे. फुटबॉलला एकवीस हजार जागाच लागणार, म्हणून वरचा सगळा मजला पांढऱ्या कापडाने झाकून टाकलेला. मोठ्या घरातल्या न वापरायच्या खोलीवर चादर घालावी तसा. तिकिटं सगळी संपलेली. पोर्टलंडहून त्यांचे पाठीराखे गाड्या भरभरून आले होते आणि एका कोपऱ्यात अखंड गात होते. त्यांचाही या साखळीतला पहिलाच हंगाम, पण त्यांचं घर जुनं होतं आणि ते त्यांच्या आवाजात कळत होतं.

माझ्या शेजारची खुर्ची बाईंची. आम्ही तिकिटं जोडून घेतली होती. त्या आल्या, खुर्चीकडे बघितलं, आणि बसल्या. सहा महिन्यांत मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. मफलर मांडीवर घडी घालून ठेवलेला.

"तुमची जुनी जागा कुठे होती? त्र्याऐंशीतली?" मी विचारलं.

त्यांनी न बघता मागे, वर बोट केलं. मी वळलो. तिथे पांढरं कापड होतं.

"मधल्या रेषेच्या थोडी डावीकडे. वरून चौथी रांग. मी आणि माझा भाऊ." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तेव्हा जाताना साध्या दारातून बाहेर पडलं की हवा ढकलून द्यायची. आम्ही मुद्दाम त्याच दारातून जायचो, हसत. आता आपलं आपण चालत जायचं."

सामना सुरू झाला. मी सवयीने टाच आपटली. सिमेंट काही बोललं नाही. पुन्हा आपटली. काही नाही. आमच्या रांगेतल्या दोघांनी आपटून पाहिली आणि तेही थांबले. वीस-एकवीस हजार माणसांना एकाच वेळी कळलं की आपलं वाद्य मागे राहिलं, आणि हातांचं काय करायचं ते कुणालाच सुचेना. कधी टाळी उशिरा, कधी गाणं एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत विरलेलं. लोक खेळापेक्षा जास्त वर बघत होते. नव्या घरी आलेले पाहुणे गप्पा मारता मारता भिंतींकडे बघतात तसे.

पोर्टलंडने गोल केला आणि त्यांचा कोपरा फुटला. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की छताबद्दल आप्पा बरोबर होते. आवाज बाहेर जात नव्हता. तो वर जाऊन कापडाला लागून परत येत होता. फक्त तो आमचा नव्हता.

शेवटची दहा मिनिटं असतील. बाई उठल्या. मफलर गळ्यात घातला. टाच नाही आपटली. दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी एक नुसती हाक मारली, शब्द नाही, शेताच्या बांधावरून लांबच्याला मारतात तशी. ती वर गेली आणि परत आली. त्यांनी वर बघितलं. पुन्हा मारली. मग मी. मग मागचे. पुढचा गोल झाला नाही, सामना ०-१ च राहिला. पण शिट्टी वाजली तेव्हा आमचा कोपरा उभा होता आणि घसा बसला होता, आणि मला पहिल्यांदा वाटलं की जिंकलेल्या संघाबरोबर या घरात आलो असतो तर आम्ही बसूनच राहिलो असतो. ही जागा कशी वाजवायची हे शिकायला आम्हाला हरावंच लागलं. पुढच्या मार्चमध्ये कोऱ्या पाटीने आलो असतो तर हेच शिकण्यात पुढचं वर्ष गेलं असतं. उरलेले तीन आठवडे वाया जाणार म्हणून मी कुढत होतो. ते तीन आठवडे घर लावण्याचे होते.

हे सगळं मी रात्री आप्पांना सांगितलं, आणि त्यावर ते म्हणाले की दसऱ्याला जायचं होतं. मी म्हणालो, "पुढचा सामना दसऱ्यालाच आहे."

पलीकडे शांतता. मग, "व्हय? मग तो बघू. आजचा धरू नको. आज सामान टाकायला गेलते म्हण."

६ ऑक्टोबर, गुरुवार. रिअल सॉल्ट लेकला व्हाइटकॅप्सनी ३-० असं हरवलं. मी खिशात आपट्याची पानं नेऊ शकलो नाही, इथे मिळत नाहीत. बायकोने मेपलची दोन पिवळी पानं दिली होती, त्यांतलं एक बाईंना दिलं आणि सोनं म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी ते मफलरच्या घडीत ठेवलं. मी घरी आलो तेव्हा कोल्हापुरात दसरा उलटून शुक्रवार उजाडला होता. आप्पांनी पहिल्या रिंगला फोन उचलला. "किती?"

"तीन-शून्य."

"मी काय म्हणलो," ते म्हणाले, आणि आत आईला ओरडून सांगितलं.

हंगामाअखेर ३४ सामन्यांत २८ गुण, सहा विजय, परक्या मैदानावर एकही नाही. याच स्टेडियममध्ये, त्याच नोव्हेंबरात, कॅनडियन फुटबॉल या वेगळ्याच, चेंडू हातात घेऊन धावायच्या खेळातला बीसी लायन्स संघ त्या खेळाचं अजिंक्यपद, ग्रे कप, जिंकला. त्यांनी तर हंगामाची सुरुवात सलग पाच पराभवांनी केली होती. २०१५ मध्ये महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत इथे झाली. एम्पायर फील्डचा सांगाडा त्याआधी कधीच उतरवला होता. त्या जागी आता कृत्रिम गवताची मैदानं आहेत. रविवारी पोरं खेळतात, डोंगर तेच.

आप्पा २०१९ मध्ये गेले. बाईंनी गुडघ्यांमुळे सीझन तिकीट सोडलं आणि व्हँकुव्हर बेटावर मुलीकडे राहायला गेल्या. आम्ही नाताळला आणि दसऱ्याला फोन करतो.

२०२४ च्या मे महिन्यात इंटर मायामी येणार होतं, आणि मेस्सी येणार या आशेवर स्टेडियमचा वरचा मजला उघडला. मी खालची माझी नेहमीची जागा सोडून वरचं तिकीट घेतलं. मधल्या रेषेच्या थोडी डावीकडे. मेस्सी आलाच नाही, लोक चिडले होते, तरी ५१ हजारांवर माणसं आली. पांढरं कापड नव्हतं. वरून चौथी रांग मोजली, एका भल्या माणसाला विनंती करून मध्यंतरात त्याच्या खुर्चीशी उभा राहिलो आणि बाईंना फोन लावला.

"मी तुमच्या जागेवर आहे."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. नुसता गोंगाट ऐकत होत्या बहुतेक.

"काय दिसतंय?"

मी सांगितलं. खेळाडू बोटाएवढे, पण दोन्ही गोल एकदम दिसतात. खालून कधीच न दिसणारी मोकळी जागा दिसते, कोण कुठे धावायला हवं होतं ते सगळं.

"हो," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ तेच सांगायचा." मग, "आणि आपली खालची? तिथं कोण आहे?"

मी वाकून शोधलं. रांग सापडली, मग खुर्च्या. "एक बाई आहे. आणि तिची सात-आठ वर्षांची मुलगी."

"बसलीय का?"

"नाही. खुर्चीवर चढून उभी आहे."